आयफोन १७ की सॅमसंग एस२५? आणि पोरीसाठी टॅब कोणता?

झिम्माड: मंडळी, आयफोन १७ बघितला का? ८२,९०० ला २५६ जीबी आणि साध्या मॉडेललाही एकदाचा १२० हर्ट्झचा (सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा) डिस्प्ले दिला, नाहीतर इतकी वर्षं ६० वरच बोळवण चालली होती. पण माझा हात सॅमसंगवर बसलाय. काय करू? पोरगी बारावीला आहे, तिला नोट्ससाठी टॅब पण हवाय.

कट्टेकरी: १२० हर्ट्झ अँड्रॉइडवाल्यांना वीस हजारात कधीपासून मिळतंय, टाळ्या कसल्या वाजवायच्या? एस२५ जानेवारी २०२५ मधला आहे, दिवाळी सेलमधे भाव उतरेल, थांबा जरा.

बारीक_नजर: मला तर आयफोन एअरचं हसू येतंय. ५.६ मिमी जाडी, मागे एकच कॅमेरा, सिमचा ट्रेच नाही, नुसतं ई-सिम (फोनमधेच बसवलेलं, काढता न येणारं), आणि किंमत १,१९,९०० 😂 सॅमसंगचा एस२५ एज पण तसलाच बारीक, ५.८ मिमी आणि बॅटरी ३९०० एमएएच. आमच्याकडे फोन बंद पडला की सिम काढून बाबांच्या जुन्या डबड्यात टाकतात, एअरमधे काढणार काय, कपाळ?

मास्तर_ऑनलाइन: सॅमसंगचा टॅब एस१० लाइट घ्या, स्क्रीनवर लिहायचा एस पेन बॉक्समधेच येतो. आयपॅड ए१६ दिसायला ३४,९०० पण लिहायची पेन्सिल वेगळी घ्यावी लागते, शिवाय त्याच्या काचेत नि स्क्रीनमधे फट असते, लिहिताना अक्षर टोकाच्या जरा खाली उमटल्यासारखं वाटतं. व्हिडिओ बघायला मात्र मस्त आहे हां.

झिम्माड: टॅबचं ठरलं मग. फोनचं सेल लागल्यावर बघू, बायको आयफोनच म्हणतेय.