वॉशिंग मशिनच्या पाण्याने भाड्याच्या घरातलं लाकडी फ्लोअरिंग फुगलं. मालक पूर्ण डिपॉझिट कापू शकतात का?

कोथरूडची_भाडेकरीण

चूक माझीच आहे, हे आधीच सांगून टाकते.

आम्ही कोथरूडला टू बीएचकेत राहतो. भाडं २४ हजार, डिपॉझिट ७२ हजार, अकरा महिन्यांचा रजिस्टर केलेला लिव्ह अँड लायसन्स. दोन रविवारांपूर्वी ड्राय बाल्कनीतलं मशिन लावून मी भाजी आणायला गेले. पाऊण तासाने आले तर मशिनची नळी जाळीतून सटकलेली, आणि पाणी स्वयंपाकघरातून थेट बेडरूममध्ये. मध्ये उंबरा नाही, अडणार कुठे? दोन चादरी, बाळाची दुपटी, मिळेल ते अंथरून पाणी टिपलं, पंखा फुल्ल सोडला. संध्याकाळी सगळं कोरडं दिसत होतं म्हणून मालककाकांना कळवलं नाही. तिसऱ्या दिवशी दाराजवळच्या फळ्यांच्या कडा वर आल्या. पाय ठेवला की टक्‌ टक्‌ वाजायला लागलं. चौथ्या दिवशी फोन केला.

काका आले, बघितलं, फार बोलले नाहीत. रात्री व्हॉट्सॲपवर ६४ हजारांचं कोटेशन! म्हणे हे डिझाइन आता मिळत नाही, हॉल आणि बेडरूमला एकच फ्लोअरिंग आहे, त्यामुळे दोन्हीकडचं बदलावं लागेल. हॉलमध्ये पाण्याचा थेंब गेलेला नाही. वर हे फ्लोअरिंग मुलीच्या लग्नात, २०१७ ला केलंय हे त्यांनीच आम्हाला घर दाखवताना कौतुकाने सांगितलं होतं.

करारात "नैसर्गिक झीज सोडून झालेलं नुकसान लायसन्सीने भरून द्यावं" असं आहे. रक्कम कुठेच लिहिलेली नाही. नवरा म्हणतो, शेवटचे तीन महिने भाडंच देऊ नये, फिटंफाट. मला ते पटत नाही. काय करावं?

चष्मेबहाद्दर

भाडं थांबवू नका, अजिबात. आत्ता तुमच्याकडून एक नळी सटकलीय, उद्या करारभंग होईल आणि काकांची बाजू आयती भक्कम होईल.

मी वकील नाही, पण डिपॉझिटसाठी एकदा भांडलोय. करारातल्या त्या कलमाने नुकसान तुमच्या गळ्यात आहेच. मुद्दाम केलं नाही म्हणून ते सुटत नाही, पण भरून द्यायचं ते झालेलं नुकसान. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७३ तेवढंच सांगतं, आणि एखाद्या करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी कलम ७४ प्रमाणे त्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळते. तुमच्याकडे तर रक्कमच नाही. आठ-नऊ वर्षं वापरलेल्या फ्लोअरिंगच्या बदल्यात कोरं करकरीत, तेही न भिजलेल्या हॉलसकट, ही भरपाई नव्हे. हे नूतनीकरण झालं.

सगळं लेखी ठेवा. कोणत्या तारखेला काय झालं, किती फळ्या फुगल्या, फोटो. राहायला आलात तेव्हाचे फोटो आहेत का? पोलीस चौकीत जाण्यात अर्थ नाही, दिवाणी बाब आहे म्हणून परत पाठवतील.

रंधा_पटाशी

फ्लोअरिंगचंच काम करतो, म्हणून लिहितो. लॅमिनेट आहे ना? आतला लाकडाच्या भुशाचा गाभा पाणी पितो आणि कडा फुगतात. त्या परत बसत नाहीत. घासूही नका, वर छापील थर असतो तो उडतो.

पण खोली अख्खी बदलायची गरज नसते. फळ्या एकमेकींत अडकवलेल्या असतात, भिंतीकडची स्कर्टिंग काढून ओळीने उलगडत यायचं. डिझाइन मिळत नसेल तर पलंगाखालच्या चांगल्या फळ्या काढून दाराजवळ लावायच्या, आणि नवीन, थोड्या वेगळ्या रंगाच्या पलंगाखाली. कुणाला कळतसुद्धा नाही. जाडी मात्र तीच हवी, ८ मिमी असेल तर ८ च, आणि लॉकही जुळलं पाहिजे. नमुन्याला एक फळी घेऊनच दुकानात जा. खालचा फोम ओला राहिला असेल तर कुबट वास येईल, तो तेवढा बदलून घ्या. आणि ओल पूर्ण सुकल्याशिवाय काम करू नका, मालक कितीही घाई करू देत.

दोन_फ्लॅट_एक_डोकं

मी घरमालक आहे, म्हणून दुसऱ्या बाजूने. काकांना पाण्यापेक्षा ते चार दिवस जास्त लागले असतील. माझ्या भाडेकरूने गिझर फुटल्याचं त्याच दुपारी सांगितलं, निम्मा खर्च मी केला. दुसऱ्याने सिंकची चीर स्टीलच्या ताटाने झाकून ठेवली होती. त्याचे पैसे मी पै न पै कापले आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही.

समोर बसून बोला. व्हॉट्सॲपवर हे प्रकरण चिघळेल.

कोथरूडची_भाडेकरीण

सगळ्यांचे आभार. आलो तेव्हाचे फोटो नव्हते, पण नवऱ्याने लातूरला सासूबाईंना घर दाखवायला व्हिडिओ काढला होता. त्यात बाल्कनीच्या दाराशी उन्हाने उडालेला रंग स्पष्ट दिसतो. पण तो काकांना दाखवायची वेळच आली नाही.

काल त्यांच्याकडे गेलो. आधी उशिरा कळवल्याची माफी मागितली. काकूंनी चहा केला. पलंगाखालच्या फळ्यांची युक्ती सांगितल्यावर काका पहिल्यांदा हसले. आज कारागीर येऊन गेला. अकरा फळ्या गेल्यात, दोन बॉक्स लागतील, फोम आणि मजुरी धरून साडेनऊ हजार. ते आम्ही देणार, डिपॉझिटला हात लावायचा नाही, असं काकांनी मेसेजवर लिहून दिलंय. त्यांची एकच अट आहे: नळीला क्लिप बसवून फोटो पाठवायचा.

@रंधा_पटाशी, पलंग मात्र आता हलवता येणार नाही ना?

रंधा_पटाशी

घर सोडेपर्यंत नको :)