रोज वापरायला एकच चांगलं घड्याळ: बजेट पाच लाख, सल्ला हवा आहे

ठाणे_फास्ट

नमस्कार मंडळी,

गेली कित्येक वर्षं मनगटावर टायटन एज आहे. पातळ, हलकं, तक्रारीला जागा नाही. आता पन्नाशीच्या निमित्ताने स्वतःसाठी एक चांगलं मेकॅनिकल (बॅटरीशिवाय, स्प्रिंगवर चालणारं) घड्याळ घ्यायचं ठरवलंय. एकच घ्यायचं आणि रोज वापरायचं. लॉकरमध्ये ठेवून लग्नाकार्यालाच काढायचं असं नको.

माझा दिवस असा: ठाण्याहून लोकलने फोर्ट, दिवसभर लॅपटॉप (सीए आहे), अधूनमधून क्लायंटच्या फॅक्टरीत स्टॉक मोजायला. पावसाळ्यात भिजणं ठरलेलं. मनगट सव्वासहा इंच, म्हणजे बारीकच. चमचमाट नको, समोरच्याने घड्याळाकडे बघून माझी फी ठरवू नये.

नेटवर वाचून यादी इथवर आली आहे: ट्यूडर रेंजर, लाँजिन स्पिरिट ३७, ओमेगा अ‍ॅक्वा टेरा ३८ (हे बजेटच्या बाहेर जातंय). रोलेक्स ऑयस्टर पर्पेच्युअल आवडतं, पण दुकानात नाव नोंदवून बसायची तयारी नाही.

शिवाय पट्टे, घड्याळ फिरवत ठेवणारी ती वाइंडरची पेटी, आणखी काय काय विकतात, त्यातलं खरंच काय लागतं तेही सांगा. स्मार्टवॉच सुचवू नये, ही नम्र विनंती.

---

तिसराकाटा

चांगला धागा. यादीही शहाण्या माणसाची आहे. ब्रँड थोडा वेळ बाजूला ठेवून आधी तुमच्या दिवसाकडे बघू.

पहिलं, माप. सगळे डायलचा व्यास बघतात. बारीक मनगटाला त्याहून महत्त्वाचं म्हणजे वरच्या शिंगापासून खालच्या शिंगापर्यंतची लांबी, म्हणजे जिथे पट्टा अडकतो ती टोकं. तुमच्या मनगटाला ४७ मिमीपर्यंत ठीक. त्यापुढे घड्याळ मनगटावर बसत नाही, मनगटाबाहेर लोंबतं. दुकानात आरशात बघा, कारण मान खाली घालून बघितलं की सगळीच घड्याळं मोठी दिसतात. शर्टाचा कफ बंद करूनही बघा.

दुसरं, पाणी. ३० मीटर लिहिलंय म्हणजे हात धुताना उडालेलं पाणी चालेल, एवढाच अर्थ धरा. आपल्याकडच्या जुलैसाठी १०० मीटर आणि स्क्रूने बंद होणारी चावी हवी. रेंजर आणि स्पिरिट दोन्हींत हे आहे, अ‍ॅक्वा टेरा तर १५० मीटर. मात्र पाणी अडवणारी रबरी रिंग काळाने कडक होते. म्हणून दर दोनेक वर्षांनी प्रेशर टेस्ट करून घ्यायची. काचेच्या आत धुकं दिसलं तर त्याच दिवशी सर्व्हिस सेंटर गाठा. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, तांदळाला त्यातलं काही कळत नाही.

तिसरं, लोहचुंबक. तुमच्या बाबतीत मी याला पाण्याइतकंच महत्त्व देईन. लॅपटॉपचे स्पीकर, टॅबलेटचं कव्हर, बॅगेचं चुंबकी बटण, घरचा इंडक्शन. घड्याळाची केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकित झाली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ दिवसाला काही मिनिटं पुढे पळायला लागतं. लोक घाबरून पूर्ण सर्व्हिसिंगला देतात. आधी मोबाइलमधला होकायंत्राचा अ‍ॅप उघडा आणि घड्याळ जवळ नेऊन फिरवा. सुई घड्याळामागे नाचायला लागली की रोग कळला. चुंबक उतरवायचं यंत्र स्वस्तात मिळतं, घड्याळजीकडे दोन मिनिटांचं काम. ओमेगाची 'मास्टर क्रोनोमीटर' प्रमाणपत्राची घड्याळं १५,००० गाउसपर्यंत (गाउस म्हणजे चुंबकी ताकदीचं माप) तपासलेली असतात, तिथे हा प्रश्नच मिटतो. रेंजर आणि स्पिरिटमध्ये ही स्प्रिंग सिलिकॉनची आहे, त्यामुळे तिथेही काळजी बरीच कमी.

आणि चौथं, ज्याबद्दल दुकानदार बोलत नाही ते, म्हणजे पट्ट्याचं लॉक. मुंबईच्या दमटपणात मनगट सकाळी एका मापाचं आणि दुपारी तीनला दुसऱ्या मापाचं असतं. रेंजरच्या स्टीलच्या पट्ट्याला टी-फिट लॉक आहे. ते कुठल्याही हत्याराशिवाय ८ मिमीपर्यंत सैल किंवा घट्ट होतं. रोज वापरणाऱ्याला मी एवढ्या एका गोष्टीसाठी रेंजर सुचवेन.

---

खडूसकाका

पाच लाख?? आमच्या काळी एचएमटी जनता लग्नात सासऱ्याकडून मिळायचं आणि रिटायर होईपर्यंत चालायचं. सकाळी रेडिओवर बातम्या लागल्या की चावी द्यायची.

एक गंभीर मुद्दा मात्र लिहितो. ही घड्याळं विकत घेऊन भागत नाही, पोसावी लागतात. पाच-सात वर्षांनी पूर्ण उघडून तेलपाणी करावं लागतं आणि अधिकृत सेंटरचं बिल सहज पाच आकडी येतं. ते गृहीत धरून बजेट ठरवा. मी एका मोठ्या दुकानामार्फत दिलेलं घड्याळ चार महिन्यांनी हातात आलं, तेही पट्ट्याला नवा ओरखडा घेऊन. तेव्हापासून देताना चारही बाजूंनी फोटो काढतो आणि पावतीवर 'ओरखडे नाहीत' असं लिहून घेतो.

---

जुईली_कोथरूड

काकांना अनुमोदन, विशेषतः फोटोंबद्दल.

पण धागाकर्त्यांना एक विचारू का? मेकॅनिकलच का? मी रोज कार्टिएचं टँक घालते, क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरीवर चालणारं. टँकचा आकार १९१७ सालचा आहे आणि आजही पैठणीवर, जीन्सवर, कशावरही जातो. मीटिंगमध्ये कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. दोन दिवस घातलं नाही तरी वेळ बरोबर. ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं मेकॅनिकल) मात्र शनिवार-रविवार काढून ठेवलं की सोमवारी बंद पडलेलं असायची शक्यता.

क्वार्ट्झ म्हणजे कमअस्सल, हा समज डोक्यातून काढा. ग्रँड सैकोचं ९एफ क्वार्ट्झ वर्षाला दहा सेकंदांच्या आत राहतं. कुठलंही स्विस क्रोनोमीटर (अचूकतेची परीक्षा पास झालेलं मेकॅनिकल घड्याळ) दिवसाला उणे चार ते अधिक सहा सेकंद चाललं तरी पास. फिनिशिंग असं की काट्याच्या कडेवर उजेड पडला की ती कड वेगळी दिसते.

बायकांसाठी एक टीप, कारण असे धागे पुरुषच पुरुषांसाठी लिहितात: घड्याळ आणि बांगड्या एकाच हातात नकोत. काचेच्या बांगड्यांचं एक वेळ चालेल, पण सोन्याची पाटली आणि स्टीलचं घड्याळ एकत्र आलं की दोन्हींचं नुकसान होतं, आणि जास्त नुकसान पाटलीचं. पुरुषांनाही तेच लागू, कडं दुसऱ्या हातात घाला. आणि हो, टँक पावसाचं घड्याळ नव्हे. जून ते सप्टेंबर माझं पर्समध्ये झिपच्या पाऊचमध्ये असतं.

---

ठाणे_फास्ट

@जुईली ताई, मेकॅनिकलला तर्क नाही, हौस आहे. सेकंदकाटा सरकत जाताना बघायला आवडतो, बस्स.

@तिसराकाटा, तो होकायंत्राचा प्रयोग मुलीने घरातल्या सगळ्या वस्तूंवर करून झाला. फ्रीजच्या दारावरचे गणपती सर्वात घातक निघाले.

एक शंका. रेंजरला तारीख नाही, स्पिरिटला आहे. रोजच्या घड्याळात तारीख हवी ना?

---

तिसराकाटा

सीएला तारीख सांगायला घड्याळ लागतं? ३१ जुलै तुम्हाला झोपेतही आठवत असेल.

खरं सांगायचं तर सवयीचा प्रश्न आहे. तारखेची खिडकी डायलचा तोल थोडा बिघडवते आणि तीस दिवसांचा महिना संपला की हाताने पुढे करावी लागते. तारीख असलेलं घेतलंत तर एक पथ्य: रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारीख बदलू नका. त्या वेळी आतली दातेरी चक्रं तारीख ढकलायच्या तयारीत असतात. बऱ्याच घड्याळांत तेव्हा जबरदस्ती केली तर दात तुटतो. आधी काटे सहावर आणायचे, मग तारीख.

---

दुबईकर

इथे का नाही घेत? व्हॅट ५ टक्केच, शिवाय पर्यटकाला त्यातला बराचसा परत मिळतो. मित्राला सांगा, मनगटावर घालून येईल.

---

हिशोबी_मावशी

मनगटावर घालून आलं म्हणजे कस्टम लागत नाही, हा गैरसमज फार जुना आहे. सवलतीच्या मर्यादेत असं घड्याळ कुठल्याच हिशोबाने बसत नाही. लाल चॅनेलला जाऊन वरच्या रकमेवर शुल्क भरायचं, नाहीतर हिरव्या चॅनेलला पकडलं जाऊन मान खाली घालून उभं राहायचं. आणि सीएने हे करायचं?

उलट इथलंच गणित आता बदलतंय. स्वित्झर्लंड ज्या एफ्टा या युरोपीय व्यापारी गटात आहे त्याच्याशी भारताने मार्च २०२४ मध्ये करार केला आणि तो १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. स्विस घड्याळांवरचं २० टक्के आयातशुल्क त्यात टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. अर्थात स्विस फ्रँक वर गेला की कंपन्या किंमती वाढवतात, त्यामुळे शुल्क उतरायची वाट बघत पन्नाशीची साठी करू नका. दहा लाखांच्या वरच्या घड्याळावर १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने गिऱ्हाइकाकडून गोळा करायचा आयकर) असतो, तुम्हाला तो लागू नाही. पॅन मात्र द्यावा लागेल.

---

चोरबाजार_रविवार

सेकंडहँडचा विषय कुणीच काढला नाही. पाच लाखांत नवं रेंजर येतं, तसंच चांगल्या स्थितीतलं वापरलेलं अ‍ॅक्वा टेराही येऊ शकतं. बॉक्स, वॉरंटी कार्ड आणि कार्डावरची तारीख तिन्ही हवं. ट्यूडरची पाच वर्षांची वॉरंटी घड्याळाबरोबर पुढच्या मालकाकडे जाते, त्यामुळे वापरलेलं घेताना तो ब्रँड सोयीचा. आजकालची 'फर्स्ट कॉपी', म्हणजे हुबेहूब नक्कल, डोळ्यांनी ओळखणं अवघड झालंय. मागचं झाकण घड्याळजीकडून उघडून मशीन बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. विकणारा उघडू देत नसेल तर तुम्हाला उत्तर मिळालं.

अवांतर: जुन्या घड्याळांची हौस लागली तर 'मुंबई स्पेशल' पासून जपा. जगभरचे संग्राहक आपल्या शहराचं नाव या अर्थाने घेतात. चार मेलेल्या घड्याळांचे भाग जोडायचे, डायल भडक निळं-केशरी रंगवायचं आणि 'दुर्मीळ' म्हणून परदेशात पाठवायचं. अक्षरं बघा, छपाई फुगलेली आणि मिनिटांच्या रेघा वाकड्या असतात. आजोबांचं फेवर-ल्युबा घरात पडलं असेल तर ते विकू नका आणि डायलही रंगवून घेऊ नका, डाग असलेलं मूळ डायलच खरं. तो ब्रँड आता भारतीय मालकीचा आहे आणि २०२४ मध्ये पुन्हा बाजारात आला, हेही जाता जाता.

---

जुईली_कोथरूड

सामानाबद्दल कुणी लिहीत नाहीये, म्हणून मी लिहिते. दुकानात घड्याळाबरोबर जे काही गळ्यात मारतात त्यातलं बहुतेक लागत नाही.

वाइंडर नको. एकच घड्याळ रोज घालणाऱ्याला तो कशाला? मनगटच वाइंडर आहे. काचेवर चिकटवायची फिल्म नको, सफायर काच असते, तिला सहजी ओरखडा जात नाही. उलट फिल्मच्या कडेला काळी रेघ जमते.

लागतं काय, तर एक रबरी पट्टा पावसाळ्यासाठी. एफकेएम नावाच्या जातीचं रबर घ्या, साधं सिलिकॉन खिशातली सगळी धूळ ओढतं. चामड्याचा पट्टा हवाच असेल तर दिवाळीनंतर काढा, आपल्या पावसात महिन्याभरात वास मारायला लागतो. पट्टा बदलायचं हत्यार लागतं, दोनशे-तीनशे रुपयांचं, एका बाजूला दुबेळकं टोक असलेलं. बदलताना शिंगांच्या आतल्या बाजूला साधी चिकटपट्टी लावा, हत्यार हटकून घसरतं. खाली टॉवेल पसरा, कारण ती स्प्रिंगची पिन उडाली की सोफ्याखाली जाते आणि मिळत नाही.

आणि जुना मऊ टूथब्रश. स्टीलच्या पट्ट्याच्या कड्यांमध्ये घाम, त्वचा, सनस्क्रीन यांचा जो काळा चिखल साचतो तो बघितलात तर त्या दिवशी जेवण जाणार नाही. चावी घट्ट आहे ना हे बघून कोमट पाणी, भांड्यांचा साबण एक थेंब, ब्रश, मग सुती कापडाने पुसायचं. उन्हाळ्यात दर आठवड्याला. नाहीतर पट्टा झिजून सैल होतो आणि मनगटाला खाज सुटते ती वेगळीच.

---

ठाणे_फास्ट

काल दोन्ही घालून बघितली. स्पिरिट ३७ मनगटावर सुंदर बसतं, पण त्याच्या पॉलिश केलेल्या कडा आणि सोनेरी आकडे माझ्या मनाला जरा जास्त वाटले. रेंजर पूर्ण मॅट आहे. सेल्समनने आरसा पुढे केल्यावर फरक कळला. बायको म्हणाली, "हे तुझ्यासारखं आहे," आता ती स्तुती होती की नाही हे विचारलं नाही. कापडी पट्ट्यावर थोडं स्वस्त मिळतंय. पट्टे नंतर घेता येतात, मग कापडावर घेऊन स्टीलचा पुढे घ्यावा का?

---

तिसराकाटा

उलट करा. स्टीलवर घ्या, कापडी आणि रबरी नंतर बाहेरून. कंपनीचा स्टीलचा पट्टा मागाहून सुटा घेतला तर खूप महाग पडतो. तुमच्यासाठी सगळी गंमत ज्या टी-फिट लॉकमध्ये आहे ते स्टीलवरच येतं. रुंदी २० मिमी आहे, त्यामुळे रबरी पट्टे हवे तेवढे मिळतील.

कड्या दुकानातच काढून घ्या, पण दुपारनंतर जा, हात फुगलेला असताना. काढलेल्या कड्या एका पुडीत घालून बॉक्समध्ये ठेवायला सांगा, पुढे लागतात. आणि वॉरंटी कार्डावर त्या दिवसाची तारीख घातल्याशिवाय दुकानातून निघू नका.