अनुभव धागा: प्राथमिक शाळेत हाताने शिकलेले आणि जपलेले

पाऊलवाट

माझ्या मुलीला काचेच्या बरणीत टीपकागद लावून त्यात घेवड्याचे बी रुजत घालायला आणि रोज त्याचे चित्र काढायला सांगितले आहे. बरणी घरात आली आणि मला माझी तिसरी आठवू लागली. आमच्या बाईंनीही हेच करून घेतले होते. फक्त मूळ बोटभर झाल्यावर त्यांनी सगळ्या बरण्या आडव्या ठेवायला लावल्या. एक-दोन दिवसांत प्रत्येक मुळाचे टोक वळून पुन्हा खाली निघाले. बाईंनी कारण सांगितले नाही, आम्हालाच विचारले. मुळाच्या टोकाशी असलेल्या पेशींतले पिष्टाचे जड कण तळाशी बसतात आणि त्यावरून मुळाला खालची दिशा कळते, हे मला फार पुढे वाचायला मिळाले, पण त्या वर्गात आम्ही केलेले तर्क मला आजही तोंडपाठ आहेत.

तुमच्या प्राथमिक शाळेत असे काही करून पाहिलेले, किंवा तुमच्यावर सोपवलेले एखादे रोप, वाफा, किडा असे काही होते का? शिकवणाऱ्यांनीही अवश्य लिहावे.

सुरवंट

मी चौथीला शिकवते. वर्गाबाहेरच्या कुंडीतल्या लिंबाच्या रोपाची जबाबदारी ज्या गटाकडे होती, त्यातली एक मुलगी एके दिवशी रडत आली, कारण कोवळ्या पानांवर पक्ष्याची विष्ठा पडली आहे असे तिला वाटले आणि जवळून पाहिले तर ती विष्ठा पान खात होती. लिंबावरच्या फुलपाखराच्या लहान अळ्या तशाच दिसतात, म्हणून पक्षी त्यांना सोडून देतात. मोठ्या झाल्या की त्या हिरव्या होतात आणि डिवचले तर डोक्यामागून शिंगासारखा लालसर अवयव बाहेर काढून उग्र वास सोडतात. आता अळ्या काढायच्या की रोप जाऊ द्यायचे, यावर वर्गात जो वाद झाला तो मी मुद्दाम थांबवला नाही. ज्यांनी रोपाला पाणी घातले होते त्यांचे म्हणणे खरे होते, आणि ही अळी दुसरे कुठलेही पान खाऊन जगणार नाही, तिला लिंबाच्याच जातकुळीतले पान लागते, हे शोधून आणणाऱ्यांचेही खरे होते.

पुढे एका कोशातून फुलपाखराऐवजी अगदी बारीक परजीवी गांधीलमाश्या बाहेर पडल्या. काही मुले हिरमुसली. मी त्यांना एवढेच सांगितले की त्यांची आईही आपल्या पिलांसाठी अन्न शोधत होती. त्या दिवशी मुलांनी वहीत जे लिहिले, ते मी कोणत्याही पाठावर लिहवून घेऊ शकले नसते.

ओलावा

सुरवंट, शेवटी निर्णय काय झाला? रोप वाचले का?

सुरवंट

वाचले. मुलांनी निम्म्या अळ्या मैदानाच्या कडेच्या मोठ्या झाडावर नेऊन सोडल्या आणि निम्म्या कुंडीतच ठेवल्या. रोप बरेच बोडके झाले होते, पण नवी पालवी आली.

तिसरी घंटा

आमच्याकडे पर्जन्यमापक होता. सरळ बाजूंच्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा बसवायचा, तळ उंचसखल असतो म्हणून शून्याच्या खुणेपर्यंत आधीच पाणी भरायचे, आणि रोज ठरलेल्या वेळी मोजायचे. गुरुजींनी सांगितले की १ मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर १ लिटर पाणी. मग आम्ही छपराची लांबी-रुंदी मोजली. ५० चौरस मीटर छपरावर २० मिलिमीटर पाऊस पडला, तर १००० लिटर पाणी येते, हे फळ्यावर निघाले तेव्हा वर्ग गप्प झाला होता, कारण ते सगळे पाणी गटारात जाताना आम्हाला खिडकीतून दिसत होते. पुढच्या आठवड्यात पन्हाळीखाली पिंप आले. गुणाकार मला त्या पिंपामुळे आवडू लागला.

पानगळ

सगळ्यांचे वाचून आनंद झाला आणि थोडे वाईटही वाटले. आमच्या शाळेत दरवर्षी पाहुणे येत, खड्डे आधीच खणलेले असत, रोपाला हात लावून छायाचित्र काढले जाई आणि आम्ही रांगेने वर्गात परतत असू. त्या रोपांकडे पुन्हा जाण्याची आम्हाला परवानगी नव्हती आणि पुढच्या वर्षी नवी रोपे त्याच खड्ड्यांत लागत. रोप मेले तर ते का मेले, हे पाहायलाही मुलांना जाऊ दिले पाहिजे, असे मला आज मनापासून वाटते.

काळी माती

पानगळ, तुमचे दुःख अगदी समजते. रोप कोणाचे, हे मुलाला ठाऊक असले पाहिजे. १८३७ मध्ये जर्मनीत बालशिक्षणाचे काम सुरू करणाऱ्या फ्रीड्रिख फ्रोबेल यांच्या योजनेत प्रत्येक मुलाचा स्वतःचा लहानसा वाफा होता आणि त्याच्या जोडीला सगळ्यांनी मिळून सांभाळायचे सामाईक वाफेही होते. दोन्ही असणे मला फार महत्त्वाचे वाटते.

आमच्या वाट्याला वाफा नव्हता, खताचा ढीग होता. वाळलेली पाने, हिरवा पाला आणि थोडी माती असे थर देऊन तो मीटरभर उंच केला होता. सूक्ष्मजीव कामाला लागले की असा ढीग आतून पन्नास अंशांच्याही वर तापतो. आमच्या बाई सकाळी लोखंडी सळई मध्यभागी खुपसून ठेवत आणि काही वेळाने बाहेर काढून आधी स्वतः हात लावून पाहत, मग आम्हाला लावू देत. घाण वास आला तर हवा कमी पडली आहे, मग ढीग वरखाली करायचा; काहीच घडत नसेल तर ओल किंवा हिरवा पाला कमी आहे. हे निदान आम्ही आठ-नऊ वर्षांची मुले करत असू आणि बाई ते मान्य करत.

दुपार

माझ्या वर्गात एक मुलगा होता, त्याला दिसत नसे. पानांच्या तासाला शिक्षकांनी आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांवर रुमाल बांधले आणि फांद्या हातात दिल्या. खरखरीत, लवदार, मेणचट अशा जाती आम्ही चाचपडत लावत होतो, तेवढ्यात तो म्हणाला की पुदिन्याची आणि तुळशीची काडी गोल नाही, चौकोनी आहे. आम्ही रुमाल सोडून पाहिले तर खरोखरच चार कडा होत्या. ही दोन्ही झाडे एकाच कुळातली आहेत आणि चौकोनी खोड ही त्या कुळाची ठळक खूण आहे, हे त्यानंतर शिक्षकांनी सांगितले. रोज पाहूनही आमच्यापैकी कोणाच्या ते लक्षात आले नव्हते. त्यानंतर नवे रोप आणले की ते आधी त्याच्या हातात जाई.

ओलावा

दुपार, हा अनुभव मी आमच्या शिक्षक-बैठकीत वाचून दाखवणार आहे.

माझी एक अडचण आहे. मोठ्या सुट्टीत वर्गाच्या वाफ्यांना पाणी कोण घालणार? मुले परत येतात तेव्हा सगळे वाळलेले असते आणि पुन्हा लावण्याची त्यांची उमेद उरत नाही.

काळी माती

कच्च्या भाजणीचे, बिनझिलईचे मडके गळ्यापर्यंत मातीत पुरा, पाण्याने भरा आणि तोंडावर झाकण ठेवा. पाणी भिंतीतून हळूहळू झिरपते आणि माती ओली असली की झिरपणे आपोआप मंदावते, त्यामुळे रोज जावे लागत नाही. मडक्याच्या आकाराप्रमाणे काही दिवसांनी एकदा भरायला मात्र कोणीतरी लागेल, त्यासाठी शाळेजवळ राहणाऱ्या मुलांच्या जोड्या ठरवाव्यात. वाफ्यावर वाळक्या पानांचे जाड आच्छादनही घाला. आणि मडके सुट्टीच्या आधीच पुरून पाहा, म्हणजे ते किती दिवसांत रिकामे होते हे मुलांनाच मोजता येईल.