चारशे डॉलरमध्ये जवळ बाळगायचं छोटं पिस्तूल: कोणतं घ्यावं?

रात्रपाळी (फ्रिस्को, टेक्सास)

हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. दुपारी तीन ते रात्री साडेअकरा. सुटल्यावर कर्मचाऱ्यांच्या पार्किंगपर्यंत चार-पाच मिनिटं चालायचं, आणि त्यातले अर्धे दिवे बंद. मागच्या महिन्यात माझ्याबरोबरच्या एका मुलीच्या गाडीची काच फोडली. परवा एक माणूस माझ्या गाडीमागे नुसता उभा होता. काही झालं नाही, पण घरी येऊन जेवण गेलं नाही.

पिस्तूल घ्यायचं ठरवते आहे. ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे कायद्याची अडचण नाही. बजेट चारशे डॉलर, फार तर साडेचारशे. हात लहान आहेत. आयुष्यात एनसीसीत .२२ रायफलच्या दहा गोळ्या झाडल्या, तेवढाच अनुभव. दुकानातल्या माणसाने ‘लेडीज गन’ म्हणून गुलाबी मुठीचं एक इवलंसं काढून दाखवलं. नवरा म्हणतो घेऊच नको. घरात सहा वर्षांचा मुलगा आहे. दोन्ही बाजू ऐकायच्या आहेत, पण कृपया उपदेश नको.

टेक्सासचा_धनगर

ताई, टॉरस जी३सी. विषय संपला. ९ मिमी, मॅगझिनमध्ये बारा गोळ्या, सेलमध्ये तीनशेच्या आत मिळतं. उरलेल्या पैशात होल्स्टर (पिस्तूल अंगावर अडकवायचं म्यान) आणि सरावाच्या गोळ्या. सिग, ग्लॉक करणारे लोक नावाचे पैसे मोजतात. मी तीन वर्षं वापरतोय, हजाराच्या वर गोळ्या झाल्या, दोनदा अडकलं, तेही स्वस्त स्टीलच्या गोळ्यांवर.

अचूक_नेम (केटी)

धनगरदादा, विषय इतक्यात कसा संपेल? टॉरसने २०१५ मध्ये अमेरिकेत नऊ जुन्या मॉडेल्सबद्दल कोर्टात तडजोड केली होती. खाली पडल्यावर गोळी सुटते, असा आरोप होता. जी३सी त्या यादीत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. नवीन पिस्तुलं पुष्कळ सुधारली आहेत. पण माझा आक्षेप वेगळा आहे. नवख्या माणसाच्या हातात पिस्तूल अडकलं तर चूक हाताची की यंत्राची, हे त्याला कळत नाही, आणि मग तो सरावच सोडतो.

थोडं थांबून स्मिथ अँड वेसनचं शील्ड प्लस बघा. २०२१ मध्ये आलं, दहा आणि तेरा गोळ्यांची मॅगझिन मिळतात, सेलमध्ये तुमच्या बजेटच्या आसपास येतं. किंवा पोलीस खात्यांनी नवी घेऊन विकून टाकलेली जुनी ग्लॉक. बाहेरून होल्स्टरने घासलेली, आतून जवळजवळ कोरी.

काका_सॅन_अँटोनिओ

आमच्या वेळी असं नव्हतं. पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर, मॉडेल ६४२. वरची मागे ओढायची स्लाइड नाही, सेफ्टी नाही, अडकायचा प्रश्न जवळजवळ नाही. चाप ओढला की काम. वजन अर्ध्या किलोच्या आत. बाईमाणसाला यापेक्षा सोपं काही नाही.

नेमबाज_मावशी

काका, आदर राखून असहमत. ‘बाईमाणसाला सोपं’ या दोन शब्दांनी किती बायकांना चुकीचं हत्यार गळ्यात मारलं असेल देव जाणे. मी ऑस्टिनमध्ये नवख्या बायकांचे वर्ग घेते. त्या ६४२ चा चाप इतका जड असतो की पहिल्यांदा येणारी मुलगी दोन बोटांनी ओढायला बघते. ओढताना नळी खाली झुकते आणि गोळी जमिनीत. वर इतक्या हलक्या धातूतून .३८ सुटली की तळहाताला असा दणका बसतो की दहाव्या गोळीला डोळे आपोआप मिटतात.

रात्रपाळी, नीट ऐक. पिस्तूल जितकं लहान आणि हलकं, तितका धक्का जास्त. दुकानदार लहान हाताला लहान पिस्तूल देतो, कारण काउंटरवर ते गोंडस दिसतं. झाडून बघायला तो काही सांगत नाही. रूगर एलसीपी हे .३८० या गोळीच्या मापातलं लोकप्रिय पिस्तूल, वजन जेमतेम पावणेतीनशे ग्रॅम, खिशात मावतं. माझ्याकडेही आहे. वर्षातून दोनदा झाडते आणि दोन्ही वेळा शिव्या घालते. त्यात .३८० च्या गोळ्या ९ मिमीपेक्षा महाग. म्हणजे पिस्तूल स्वस्त आणि सराव महाग.

स्लाइड मागे ओढता येत नसेल तर स्मिथ अँड वेसनचंच शील्ड ईझेड बघ. .३८० मधलं २०१८ ला आलं, ९ मिमीतलं २०२० ला. स्प्रिंग मऊ, मॅगझिन भरताना अंगठा सोलत नाही, आठ गोळ्या. जुनं घेणार असशील तर एक काळजी: ९ मिमीतली काही पिस्तुलं कंपनीने २०२० च्या अखेरीस हॅमर (घोडा) तपासायला परत मागवली होती. सिरियल नंबर कंपनीकडे तपासून मगच पैसे दे. आणि बहुतेक वेळा स्लाइड ओढणं हा ताकदीचा प्रश्न नसतोच. डावा हात स्लाइडवर घट्ट धरायचा आणि उजव्याने मूठ पुढे ढकलायची. नारळ सोलताना आपण हात ओढत नाही, अंगाचा भार देतो, तसं.

एच१बी_चा_कैदी

पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, पण आता विचारतोच. मीही टेक्सासमध्येच, प्लेनोत राहतो. २०२१ च्या सप्टेंबरपासून टेक्सासमध्ये परवान्याशिवाय बाळगता येतं ना? मग मी घेतलं तर?

अचूक_नेम (केटी)

नाही. तो राज्याचा नियम, मुळात बंदूक बाळगायला पात्र असलेल्या माणसासाठी. फेडरल कायदा बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या माणसाला बंदूकच काय, गोळीसुद्धा ताब्यात ठेवू देत नाही. वैध शिकार परवाना हा त्यातला ओळखीचा अपवाद. दुकानात जो ४४७३ फॉर्म भरतात त्यात हे थेट विचारलेलं असतं आणि खोटं लिहिणं हा स्वतंत्र गुन्हा. ‘मित्राच्या नावावर घेऊ’ हा विचारही मनात आणू नका. ग्रीन कार्डाच्या रांगेत आधीच वीस वर्षं, त्यात हे कुठे!

डॉक्टर_बिनपिस्तुलाचे

उपदेश नको म्हणालात म्हणून आकडा देतो. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. त्यातले २६,३२८ आत्महत्या. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा गोळी चोराला लागली नाही, ती झाडणाऱ्यालाच लागली. मी इमर्जन्सीत काम करतो. औषधाच्या गोळ्या खाल्लेला माणूस पुष्कळदा वाचतो, दुसऱ्या दिवशी आईशी बोलतो. बंदूकवाला क्वचित. तुमच्या घरातलं कोणी तसं आहे असं म्हणत नाही. पण वाईट वर्ष कोणत्याही घरात येतं, आणि पिस्तूल त्या वर्षीही कपाटात असतं.

टेक्सासचा_धनगर

डॉक्टरसाहेब, ॲलनचा मॉल आमच्यापासून वीस मिनिटांवर. ६ मे २०२३ ला तिथे गोळीबारात आठ माणसं मेली, त्यात आपल्याकडची एक इंजिनिअर मुलगीही होती. तुमचा आकडा त्या दिवशी कोणाच्या उपयोगी पडला?

डॉक्टर_बिनपिस्तुलाचे

त्या दिवशी मारेकऱ्याला थांबवलं ते एका पोलीस अधिकाऱ्याने, जो दुसऱ्याच कामासाठी तिथे होता. मेलेल्यांत मॉलचा सुरक्षारक्षकही होता. प्रसंग भयानक होता, मान्य. पण रायफल घेऊन आलेल्या माणसासाठी आणि पार्किंगमधल्या काचफोड्यासाठी एकच उपाय असं का धरता?

नेमबाज_मावशी

दोघेही थांबा जरा. मूळ प्रश्न चुकतोय असं मला वाटतं. रात्रपाळी, तुझ्या हॉस्पिटलच्या दारावर पाटी आहे का?

रात्रपाळी

आहे. आत बंदूक आणायला मनाई. कर्मचाऱ्यांच्या नियमांतही आहे, नोकरी जाईल.

नेमबाज_मावशी

झालं तर मग. म्हणजे पिस्तूल आठ तास गाडीत. टेक्सासमध्ये २०११ पासून मालकाला कर्मचाऱ्याच्या कुलूपबंद गाडीतल्या कायदेशीर बंदुकीवर सहसा हरकत घेता येत नाही, तेवढं ठीक. पण तुला भीती आहे ती दारापासून गाडीपर्यंतच्या पाच मिनिटांची, आणि त्या पाच मिनिटांत पिस्तूल तुझ्याजवळ नसून गाडीत असणार. आणि काचा कुठल्या फुटतायत? त्याच पार्किंगमधल्या. चोराला लॅपटॉपपेक्षा पिस्तूल जास्त आवडतं.

हे मी पिस्तुलाची बाजू घेणारी बाई म्हणून सांगते. सगळे ‘कोणतं’ म्हणून भांडतायत. दुपारी तीन ते रात्री साडेअकरा ते कुठे असेल, हे कोणी विचारलंच नाही.

काका_सॅन_अँटोनिओ

पर्समध्ये ठेवावं.

नेमबाज_मावशी

काका! पर्समध्ये ठेवूनही हॉस्पिटलच्या आत जाता येत नाही. आणि पर्सचं म्हणाल तर ३० डिसेंबर २०१४, आयडाहोतलं हेडन गाव, वॉलमार्ट. पर्स खास पिस्तुलासाठी शिवलेली, वेगळ्या चेनचा कप्पा. बाई खरेदी करत होती. ट्रॉलीत बसलेल्या दोन वर्षांच्या मुलाने चेन उघडली, आई जागीच गेली. सहा वर्षांच्या पोराच्या घरात पर्स दिवाणावर पडणार नाही असं मला कोणी लिहून द्यावं.

स्क्रबवाली_सुगरण

मीही नर्स आहे (ह्यूस्टन). एक गोष्ट पुरुषांना सुचणारच नाही: स्क्रबच्या (हॉस्पिटलच्या गणवेशाच्या) पँटला नाडी असते! होल्स्टर घट्ट राहायला जाड, ताठ पट्टा लागतो. नाडीवर साडेसहाशे ग्रॅम लटकवा आणि जिना उतरून दाखवा. पोटाला बांधायचा इलॅस्टिकचा पट्टा मिळतो, पण त्यात चापावर कडक आवरण असलेलाच घ्या. नुसत्या कापडातून चाप दाबला जातो. चांगला चाळीस-पन्नास डॉलरला पडतो. हे बजेटमध्ये धरलंय का?

अचूक_नेम (केटी)

चांगला मुद्दा. मीच हिशेब मांडायला हवा होता. समजा पिस्तूल २८०. फ्रिस्कोत सव्वाआठ टक्के कर, म्हणजे ३०० च्या वर. होल्स्टर ४५. घरासाठी भिंतीला बोल्ट करायची छोटी पेटी शंभरच्या आसपास, तिच्यावर मात्र २०२१ पासून टेक्सासमध्ये विक्रीकर नाही. गाडीत ठेवायची, तारेने सीटखाली बांधायची पेटी ३०-४०. इथेच बजेट फाटलं आणि अजून एक गोळी झाडलेली नाही. ९ मिमीचा पन्नासचा डबा मी गेल्या महिन्यात १४ ला घेतला. सवय व्हायला निदान पाच डबे. म्हणून धनगरदादांची एक गोष्ट मान्य करतो: पैसे मोजकेच असतील तर महाग पिस्तूल आणि नेमबाजीची रेंज रिकामी यापेक्षा स्वस्त पिस्तूल आणि पाचशे गोळ्या बऱ्या.

टेक्सासचा_धनगर

शेवटी आलात ना आमच्या वाटेवर!

अचूक_नेम (केटी)

अर्ध्या वाटेपर्यंत. पेटी आधी, पिस्तूल नंतर. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवली तर टेक्सासमध्ये तो गुन्हा आहे, आणि कोणाला इजा झाली तर शिक्षा मोठी.

पुण्यातून_वाचतोय

इकडून वाचताना गंमत वाटते. आमच्याकडे ९ मिमी सामान्य माणसाला मिळतच नाही, ते ‘प्रोहिबिटेड बोअर’. बहुतेक जण सरकारी कारखान्याचं .३२ घ्यायचे. २०१४ मध्ये कानपूरच्या कारखान्याने बायकांसाठी म्हणून ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर काढलं, किंमत सव्वा लाखाच्या घरात! आणि त्याआधी परवान्यासाठी हेलपाटे. माझ्या मामांना मिळाला होता. निवडणूक आली की हत्यार चौकीत जमा करायचं, संपली की सोडवून आणायचं. मामी म्हणायच्या, घरात कमी आणि चौकीत जास्त असतं.

डॉक्टर_बिनपिस्तुलाचे

मामींना माझा दंडवत.

एच१बी_चा_कैदी

सिग पी३६५ चं कोणी बोललंच नाही? २०१८ पासून सगळे तेच घेतायत म्हणे. अर्धा किलो, दहा गोळ्या.

टेक्सासचा_धनगर

कारण पाचशेच्या पुढे जातं. आणि तुम्ही घेऊ शकत नाही. पॉपकॉर्न खा.

रात्रपाळी

दहा दिवसांनी लिहिते आहे. मावशींचं ऐकून रेंजवर गेले, भाड्याने चार पिस्तुलं झाडली. काकांचं ६४२: पाचव्या गोळीनंतर खाली ठेवलं, अंगठ्याच्या बेचक्यात लाल झालं. जी३सी बरं वाटलं, धनगरदादा, पण स्लाइडला अजून सराव हवा. ईझेडच्या सगळ्या गोळ्या सात यार्डांवर कागदावर लागल्या, पैकी निम्म्या मधल्या गोलात. ग्लॉक १९ सगळ्यांत शांत होतं, फक्त मूठ माझ्या हातात मावत नाही.

परवान्याचा वर्ग शनिवारी आहे. परवान्याशिवाय चालतं हे माहीत आहे, पण मुलाच्या शाळेजवळून रोज जाते, आणि शाळेपासून हजार फुटांच्या आत फेडरल नियमातून सुटायला राज्याचा परवानाच लागतो असं वर्गवाल्या बाई म्हणाल्या. परीक्षेत पन्नास गोळ्या, तीन, सात आणि पंधरा यार्ड, २५० पैकी १७५ गुण.

पिस्तूल अजून घेतलेलं नाही. पेटी घेतली, नवऱ्याने परवा कपाटात बोल्ट केली. ‘रिकामी पेटी मला चालेल,’ म्हणाला. आणि मॅनेजरला मेल टाकली, पार्किंगच्या दिव्यांबद्दल आणि रात्री गार्ड सोबत मिळावा म्हणून. गार्ड मिळतो म्हणे, फोन करायचा असतो. तीन वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. कालपासून करते. बोलका माणूस आहे, गाडीपर्यंत त्याच्या नातवाच्या गोष्टी ऐकते.

दिवे अजून लागलेले नाहीत. सुगरण, तो पोटाचा पट्टा कुठला घेतलास तेवढं सांग.

स्क्रबवाली_सुगरण

व्यनि (खाजगी निरोप) केला आहे. एक मापाने मोठाच घे, जेवणानंतर कळेल का ते.