पॉइंट टू टू रायफल, पावसात ग्रुप तिरका पसरतोय, आधी स्टॉक घासू की ट्यूनर लावू? (मदत हवी आहे)

मंडळी, इथे ५० मीटर प्रोन (पालथं झोपून) मारणारं कोणी असेल तर जरा वेळ काढून वाचा. प्रश्न माझ्या भाचीचा आहे. २०२४ ला पॅरिसला स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं तेव्हापासून पोरीने एअर रायफल सोडून पॉइंट टू टू धरलीय आणि अगदी जीव ओतून करतेय. रायफल क्लबची, जुनी, स्टॉक (बॅरल म्हणजे नळी ज्यात बसते तो दस्ता) अक्रोडाच्या लाकडाचा, आणि क्लब वेंगुर्ल्याजवळ खाऱ्या वाऱ्यात.

मृगापासून ग्रुप (टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका) खाली उजवीकडून वर डावीकडे असा तिरका पसरायला लागलाय. "मामा, शॉट सुटला तेव्हा मधोमध होता," म्हणते आणि माझा तिच्यावर विश्वास आहे, कारण उन्हाळ्यात हीच पोरगी, हीच रायफल, याच लॉटची गोळी आणि ग्रुप गोल यायचा.

क्लबमधले एक काका म्हणतात गोळ्यांचा वेग कमीजास्त आहे, ट्यूनर (बॅरलच्या तोंडाशी बसवायचं, मागेपुढे सरकणारं वजन) लावा. आता मुद्दा अगदीच चुकीचा नाही, मी हिशोब केला, एक गोळी सेकंदाला ३३० मीटरने आणि दुसरी ३२० ने निघाली तर ५० मीटरवर उंचीत साधारण ७ मिलिमीटरचा फरक पडतो, आणि दहाचं वर्तुळच १०.४ मिलिमीटरचं. ट्यूनरचं वजन मागेपुढे करून बॅरलचं कंपन असं जुळवायचं की हळू गोळी तोंड वर जात असताना, किंचित वरच्या कोनात सुटावी, म्हणजे जास्त पडली तरी तिथेच लागते. हे पटतं. पण वेगामुळे ग्रुप सरळ उभा पसरेल ना, तिरका का?

म्हणून बोल्ट काढून रायफल टेबलावर ठेवली आणि बॅरल-स्टॉकच्या फटीत शंभराची नोट सरकवली. अडखळत का होईना पण गेली. मग पोरीला प्रोनमध्ये झोपवून स्लिंग (दंडाला अडकवून रायफल स्थिर धरायचा पट्टा) ताणायला लावली आणि परत सरकवली तर हँडस्टॉपच्या (पुढचा हात जिथे अडतो तो ठोकळा) जरा पुढे, खालच्या उजव्या कडेला, नोट गच्च अडकली, फाटायचीच बाकी होती. म्हणजे पावसात घराची दारं चौकटीत अडकतात तसं लाकूड फुगलंय आणि स्लिंग ताणली की ते बॅरलला टेकून वर डावीकडे ढकलतंय, ग्रुपही त्याच दिशेला ओढला जातोय. आणि स्लिंगचा ताण दर शॉटला थोडा तरी बदलतोच, म्हणजे कंपनही बदलणार. कंपन शून्य होत नाही हे कळतं, पण दर शॉटला सारखं तरी व्हायला हवं.

माझं मत असं की आत्ता ट्यूनर लावला तर टेकलेल्या बॅरलचं कंपन जुळवत बसू आणि ऑक्टोबरच्या उन्हात लाकूड आटलं की सगळं परत बदलेल. आधी बॅरल मोकळी करायची, मग अ‍ॅक्शन स्क्रू (बोल्ट-बॅरलचा भाग स्टॉकला धरणारे) टॉर्क रेंचने एकसारखे घट्ट करायचे, आणि ट्यूनर सगळ्यात शेवटी. क्लबने स्टॉकला हात लावायची परवानगी दिलीय.

तर जाणकारांनी सांगा, स्टॉकमधली बॅरलची खाच किती घासायची? स्लिंग ताणल्यावर दोन नोटा एकावर एक सुटसुटीत गेल्या की पुरे का अजून? घासलेल्या उघड्या लाकडाला काय लावता, इपॉक्सी का पीयू (पॉलीयुरेथेन)? आपल्या दमट हवेत काय टिकलं ते स्वतः वापरलेल्यांनीच सांगा. आणि अ‍ॅल्युमिनियम पिलर बसवून बेडिंग (अ‍ॅक्शन स्टॉकमध्ये न हलता बसेल असं) करणारा भरवशाचा माणूस कोल्हापूर किंवा गोव्याकडे कोणाला माहीत आहे का? दसऱ्यानंतर तिला आंबोली घाट चढून कोल्हापूरला मॅचला न्यायचंय, त्याआधी रायफल हातात हवी.