५५ हजार डॉलर, १३ माणसं आणि एक गोरी डायरेक्टर

खिडकीतला बोका:
काल रात्री जागून 'पॅरिस इज बर्निंग' परत बघितली. १९९०ची डॉक्युमेंटरी, न्यूयॉर्कमधले बॉल्स, म्हणजे ब्लॅक आणि लॅटिनो गे-ट्रान्स पोरांच्या नटूनथटून चालायच्या स्पर्धा, घरच्यांनी हाकललेल्यांना एखादी 'मदर' आपल्या 'हाउस'मध्ये घेते ते सगळं. पहिल्यांदा बघून येडा झालेलो. यावेळी मजा गेली राव. डायरेक्टर जेनी लिव्हिंगस्टन गोरी, येल युनिव्हर्सिटीत शिकलेली. पिक्चर चालला, कमाई साधारण ४० लाख डॉलर, आणि पैशांवरून वाद पेटल्यावर पडद्यावरच्या १३ जणांत मिळून वाटले ५५ हजार, तेही कोण पडद्यावर किती वेळ दिसलं त्या हिशोबाने! कोर्टात जायचं तर हक्क सोडल्याच्या सह्या आधीच घेतलेल्या. माझं मत सरळ आहे, काळ्या वस्तीवर डॉक्युमेंटरी त्यांच्यातल्याच माणसाने करावी, बाहेरच्याने करूच नये. हाणा आता.

उडपी कॉर्नर:
करूच नये?? मग 'हूप ड्रीम्स' पण फेकून द्यायची का? बनवणारे गोरेच. शिकागोतल्या दोन बास्केटबॉलवेड्या पोरांवर अर्ध्या तासाची फिल्म करायला गेले आणि वर्षानुवर्षं तिथेच अडकले, २५० तासांचं फुटेज. त्यातल्या आर्थरच्या घरची वीज कापतात ते बघताना पोटात गोळा येतो, आणि नंतर दोन्ही घरांना कमाईत वाटा दिलाय. म्हणजे रंगाचं नाही, हेतूचं बोल. आणि लिव्हिंगस्टन नसती तर ते बॉल्स तुला मला दिसले असते का, ८०च्या दशकात त्या पोरांच्या हातात १६ एमएम कॅमेरा कोण देणार होतं?

सई_लिहिते:
अहो तोच तर मुद्दा आहे, कॅमेरा कोणीच देणार नव्हतं. त्याचं श्रेय तिला कशाला? आता रॅमेल रॉस या काळ्या डायरेक्टरचं बघा. अलाबामाच्या हेल काउंटीत फोटोग्राफी शिकवायला आणि बास्केटबॉल कोच म्हणून गेला, तिथलाच होऊन राहिला, मग शूट केलं. 'हेल काउंटी धिस मॉर्निंग, धिस ईव्हनिंग', २०१८ची फिल्म, ७६ मिनिटं, गोष्ट अशी नाहीच. एक पोरगं घरात नुसतं इकडून तिकडे धावतंय, दमेपर्यंत, कॅमेरा बघत बसतो. त्या सीनमध्ये कोणी मेलं नाही, कोणाला पकडलं नाही, तरी बघावंसं वाटतं. बाहेरचा एवढा वेळ नुसता बघत बसत नाही, त्याला ट्रॅजेडी लागते.

जुना प्रोजेक्टर:
सईताई, रॉस पण अलाबामाचा नव्हता हो, बाहेरूनच आलेला. 'त्यांच्यातला' म्हणजे नक्की कोण? डायरेक्टर मार्लन रिग्ज काळाच होता, पण गे, तर त्याला आपल्याच लोकांनी ऐकवलं की तू पुरता ब्लॅक नाहीस. 'ब्लॅक इज... ब्लॅक एन्ट' करताना एड्सने अंथरुणाला खिळलेला, हॉस्पिटलच्या बेडवरून बोलतो, १९९४ला गेला, उरलेलं काम साथीदारांनी पुरं केलं. त्यात आजीचा गम्बो आहे, भेंडी कोळंबी सॉसेज सगळं एका पातेल्यात. खिचडी म्हणणार होतो, पण खिचडीत एवढी भांडणं नसतात. तिथे चर्चमधले आहेत, बायका आहेत, आणि ब्लॅक म्हणजे काय यावर एकाचं दुसऱ्याशी पटत नाही. आता यातल्या कोणाच्या हातात कॅमेरा द्यायचा ते बोक्याने सांगावं.

पँथर७२:
आपल्याकडे दलित पँथरने १९७२ला नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं आणि इथे लोक विचारतायत आतला कोण बाहेरचा कोण. वस्तीवर शूटिंगला येतात तेव्हा आम्हाला दोन मिनिटांत कळतं कोण ते. चहा घेतो का ते बघायचं.

उडपी कॉर्नर:
चहाचा निकष आवडला 😄 पण चहा पिऊन पण लुटतात.

खिडकीतला बोका:
बरं, 'करूच नये' मागे घेतो, रिग्जची शोधून बघतो आज. पण ५५ हजाराला १३ने भागून बघितलं आत्ता, माणशी ४,२३०. ते मागे घेत नाही.