तुमच्या हाती सोपवलेलं तुम्ही कसं सांभाळलं? अनुभव सांगा

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम. मत्तय २५ मधला दाखला आपण लहानपणापासून ऐकतोय, आपल्या मराठी बायबलमध्ये परदेशी जाणारा मालक चाकरांना सरळ पाच हजार, दोन हजार, एक हजार रुपयेच देऊन जातो आणि परत आल्यावर हिशेब घेतो, त्यामुळे कारभारीपण, म्हणजे सोपवलेलं सांभाळणं, म्हटलं की डोक्यात आधी पैसाच येतो. पण जमीन, हातातली कला, वेळ, म्हातारे आईवडील हे पण सोपवलेलंच आहे ना? तर जे जमलं ते लिहा आणि जे नाही जमलं ते पण लिहा.

सुरुवात मी करते. मी आमच्या चर्चची खजिनदार होते, अर्पणाची थैली रविवारी घरी आणायची, मोजायची, सोमवारी बँकेत भरायची. एकदा लाईट बिलाची शेवटची तारीख आणि घरात पैसे नाहीत, थैलीतून १,८०० काढले, शुक्रवारी पगार झाल्यावर परत टाकले. कुणाला कळलं नाही. पण त्या रविवारी प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, उठून पुढे जाता येईना, पाय जागचे हलेनात. संध्याकाळी पाळकसाहेबांकडे जाऊन सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, एवढंच म्हणाले की ताई, तुम्हाला एकटीला मोजायला दिलं ही आमची पण चूक. तेव्हापासून उपासना संपली की चर्चमध्येच दोघांनी मोजायचं आणि वहीत दोघांच्या सह्या.

---

वसईतून लिहितोय. आमच्या वाडीत बावखल आहे, म्हणजे पावसाचं पाणी साठवायला खणलेलं तळं. समुद्र एवढा जवळ असून विहिरी गोड्या राहतात त्या यांच्यामुळे, पाणी मुरतं आणि खारं पाणी आत घुसत नाही. शेजारपाजारची बरीच बुजली, वर बंगले झाले. आम्हा भावांत पण वाद झाला, बुजवलं तर दोन गुंठे सपाट जागा मिळत होती आणि खरं सांगतो, मी पण बुजवायच्याच बाजूने होतो. वडील एकच बोलले, हे मी खणलेलं नाही, तुझ्या आज्यानेही नाही, मग बुजवणारा तू कोण? वसईची हिरवाई आणि पाणी वाचवायला निघणाऱ्या फादर दिब्रिटोंच्या हरित वसईच्या मोर्चांना ते जायचे तेव्हा आम्हाला वाटायचं यांना कामधंदा नाही. शेवटी मे महिन्यात आम्ही तिघं भाऊ गुडघाभर चिखलात उतरलो, गाळ काढला, काळा, मऊ, सडक्या पानांचा वास येणारा, तो केळींना आणि पानवेलींना घातला. पहिल्या मोठ्या पावसात बावखल भरलं त्या रात्री बेडकांनी झोपू दिलं नाही, वडील मात्र पडवीत बसून ऐकत होते.

---

मिरजेला नर्सिंग केलं, ३४ वर्षं नोकरी झाली, आता रिटायर. रोज सकाळी दोन घरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांच्या जखमांचं ड्रेसिंग करते, पैसे घेत नाही. हात थरथरत नाहीत तोवर करणार.

---

आम्ही नगर जिल्ह्यातले. आजी मोलमजुरी करायची, दळायला बसायच्या आधी एक मूठ बाजरी वेगळ्या मडक्यात, आणि सुगीच्या सणाला ते मडकं चर्चमध्ये. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जायची, सुकडीवर दिवस काढले, तेव्हाही मूठ काढायचीच, फक्त मूठ लहान झाली असं आई सांगते. सणाला आलेल्या धान्याचा चर्चमध्ये लिलाव व्हायचा, त्यात तिची बाजरी कुणीतरी दुपटीने घ्यायचं आणि अर्धी तिच्याच पदरात टाकायचं. माझा दशमांश, म्हणजे कमाईचा चर्चला द्यायचा दहावा भाग, फोनवरून जातो, बोटाला कळतही नाही काय दिलं ते, म्हणून आता दोन्ही वेळा भात टाकताना तांदळाची मूठ काढते. महिन्याला तीनेक किलो होतात, ते आमच्या गल्लीतल्या एका आजींकडे जातात.

---

थोडं कडू लिहितो. मुलाची फी थकली होती, दशमांश दिला नाही म्हणून सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली, कुठे ते सांगत नाही. ज्यांनी ऐकवलं त्यांनी हिशेब कधी वाचून दाखवला नाही. घरच्यांची तरतूद करा हे पण पवित्र शास्त्रातच आहे, तीमथ्याच्या पत्रात. मग मी रागाने दोन वर्षं अर्पणच बंद केलं, ते पण बरोबर नव्हतं. आता जिथे जातो तिथे महिन्याचा जमाखर्च दाराजवळच्या फळ्यावर लावतात, अगदी फुलांचे आणि झाडूचे पैसे पण. तिथे मी मनापासून देतो. ताई, दोन सह्यांचं वाचून बरं वाटलं, आमच्याकडे मोजणारे अजून एकटेच आहेत, फार प्रामाणिक माणूस, त्यांच्यासाठीच हा विषय पुढच्या मिटिंगला काढतो.